पहिलं नको

छोटीच्या आईला नोकरी मिळत नव्हती, असं नाही. मिळाली होती. तिनेच नको म्हटलं.

ज्या नोकरीसाठी तिने दोन महिने या नव्या शहरातले फुटपाथ झिजवले, तीच नोकरी आपणहून समोर आली, आणि ही बाई नको म्हणून घरी परतली. कुणालाही वाटेल की डोकं फिरलं असणार. डोकं अगदी ठिकाणावर होतं. संस्कार आडवे आले.

पण त्याआधी फ्रीजवरचं पत्र. ते पाळणाघराकडून आलं होतं. ‘आपल्या पाल्यासाठी एक जागा राखून ठेवण्यात आली आहे. तथापि, आई व वडील दोघेही नोकरीत असल्याचं सही-शिक्क्याचं पत्र येत्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत, पाल्यासह हजर राहून सादर न केल्यास सदर जागा यादीतील पुढील बालकास देण्यात येईल.’ वडिलांचं पत्र आधीच देऊन झालं होतं; ते गोदामात संगणकासमोर बसून खोकी मोजत. प्रश्न आईचा होता. ती हे पत्र दिवसातून दहा-बारा वेळा वाचायची. मजकूर बदललाय का, ते बघत असावी.

छोटी साडेतीन वर्षांची. या देशात येऊन चार महिने झाले, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि एकही मूल ओळखीचं नाही. ती धावली की खालचे गृहस्थ काठीने छताला ठोकत. मग छोटी पाय पोटाशी घेऊन बसायची आणि फ्रीजशी गप्पा मारायची. फ्रीज घरघरला की म्हणायची, “हो हो, आले.” गेल्या आठवड्यात तिने फ्रीजबरोबर ठोकळ्यांचा खेळ मांडला, त्याचा डाव त्याच्या वतीने खेळली, तो हरला, आणि तो रुसला म्हणून स्वतः रडली. छोटीची आई आधी हसली. मग न्हाणीघरात जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धुतलं.

तर शुक्रवारच्या आत पत्र हवं होतं.

रोजगार कार्यालयात तिने यंत्रातून चिठ्ठी काढली, दोन तास बसली, म्हणजे बसली कसली, चारदा उठून आपला नंबर पुढे गेला नाही ना ते बघून आली. खिडकीमागच्या गृहस्थाने शिक्षण विचारलं.

“एम. ए. इतिहास.”

त्याने यादीत शोधलं. इतिहास नव्हता. “सगळ्यात जवळचं म्हणजे जुन्या फर्निचरची दुरुस्ती,” तो म्हणाला. “येते?”

“नाही.”

“मग पर्यटन आणि आतिथ्य. तिथे माणसं कमीच पडतात. हसता येतं का?”

तिने हसून दाखवलं. दोन महिने साठवलेली सगळी काळजी त्या हसण्यात उतरली. गृहस्थाने नजर परत यादीकडे वळवली. “मागच्या बाजूची कामंही असतात तिथे,” तो समजुतीने म्हणाला.

“पण एक अडचण आहे,” ती म्हणाली. “पाळणाघर म्हणतं, आधी नोकरीचं पत्र आणा. नोकरीवाले म्हणतात, मूल कुठे राहणार ते आधी लिहून आणा.”

“सोपं आहे,” तो म्हणाला, “दोन्ही एकाच दिवशी आणा.” आणि त्याने पुढचा नंबर पुकारला.

या देशात कुणाला काही अडलं की आपल्या भाषेतल्या सगळ्या बायका ज्यांच्याकडे जात, त्या वरच्या काकू. पाचव्या मजल्यावर राहत. त्यांना येऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांनी स्वतः एक दिवसही नोकरी केली नव्हती, पण चौदा जणांना लावून दिली होती, आणि त्यातले बारा अजून त्यांच्याशी बोलत होते. छोटीच्या आईचा अर्ज त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि जमिनीवर ठेवला.

“यात अनुभव कुठाय?”

“नाहीच तर कुठून लिहू, काकू?”

“सासरी उन्हाळ्याच्या सुट्टीत किती माणसं असायची?”

“बावीस.”

“किती वर्षं?”

“सहा.”

“लिही. बावीस पाहुण्यांची निवास व भोजन व्यवस्था, सलग सहा हंगाम.”

“अहो, ती नणंदांची मुलं होती!”

“मुलं पाहुणे नसतात? उलट जास्तच असतात. न्हाणीघरं किती होती?”

“एकच.”

“मर्यादित साधनसामग्रीत,” काकूंनी सांगितलं, “असं पुढे जोड.”

उठताना काकूंनी तीन गोष्टी बजावल्या. बूट काळे. केस घट्ट बांधलेले. “आणि तिसरी म्हणजे काहीही विचारलं तरी हो म्हणायचं. विमान चालवता येतं का विचारलं तरी हो. कळलं?”

“हो,” छोटीची आई म्हणाली. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मंगळवारी मुलाखत. हॉटेल स्टेशनच्या मागच्या गल्लीत, चाळीस खोल्यांचं. गालिच्यावर गोल गोल नक्षी, डाग पडला तर तोही नक्षीत खपून जावा अशी. दर्शनी दालनाच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल, वर ‘शहरदर्शन’ अशी पाटी, मागे रंग उडालेल्या माहितीपत्रकांची घडवंची. टेबलामागच्या खुर्चीत माणसाऐवजी प्लॅस्टिकचं झाड ठेवलेलं. छोटीच्या आईच्या नजरेतून काही सुटत नसे. झाडावरची धूळसुद्धा तिने पाहून घेतली, आणि पुसायला पुढे झालेला हात मागे घेतला.

मॅनेजर बाईंच्या मनगटावर घड्याळ होतं, भिंतीवर दुसरं, टेबलावर तिसरं, आणि बोलणंही सेकंदकाट्यासारखं. छोटीच्या आईने मनातल्या मनात त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलं.

“कॉफी?” घड्याळबाईंनी थर्मास उचलला.

छोटीची आई पहाटेपासून पोटात काही न घालता निघाली होती. कॉफीच्या वासाने तिला घेरी यायची बाकी होती. ती म्हणाली, “नको नको.”

“बरं,” म्हणून घड्याळबाईंनी थर्मासचं झाकण लावलं.

झाकण लागल्याचा आवाज छोटीच्या आईला नीट ऐकू आला. पण त्यातून शिकायचं असतं ते ती शिकली नाही, कारण तिच्या लहानपणापासूनच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. आता हे जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे कुणाकडे गेलं की पहिलं नको शिष्टाचाराचं असतं. दुसरं नको यजमान किती मनापासून विचारतोय ते जोखण्यासाठी. तिसऱ्या नकोला ताटावर हात आडवा धरायचा, मात्र बोटांत फट ठेवायची. तेवढ्या फटीतून वाढणाऱ्याने वाढायचं आणि खाणाऱ्याने “अहो, काय हे, किती वाढलंत!” म्हणायचं. हे शास्त्र जगभर चालतं, याबद्दल छोटीच्या आईला कधी शंकाच आली नव्हती. लहानपणी एकदा शेजारच्यांनी वडी पुढे केली आणि तिने पहिल्या झटक्यात घेतली, तेव्हा तिच्या आईने तिच्याकडे जे पाहिलं, ते पाहणं ती दहावीत जाईपर्यंत चाललं होतं. छोटीलाही तिने हेच शिकवलं होतं. बोलता यायच्या आधी मान हलवायला शिकवलं होतं.

मुलाखत मात्र छान झाली. बावीस पाहुणे आणि सहा हंगाम घड्याळबाईंना आवडले. ‘मर्यादित साधनसामग्री’पाशी तर त्यांनी खूण केली. मग फाइल मिटून त्या म्हणाल्या, “नाश्त्याच्या दालनात जागा आहे. सकाळी सहा ते बारा. गुरुवारपासून. घ्याल?”

शुक्रवार, सही, शिक्का, छोटी, फ्रीज, सगळं एकदम छोटीच्या आईच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि इतकी मोठी गोष्ट समोर आल्यावर कुठल्याही चांगल्या घरातल्या बाईचं होतं, तेच तिचं झालं. तिने मान खाली घातली, पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि म्हणाली, “अहो, मला कुठे एवढं जमायला… राहू द्या.”

आणि ती थांबली. आता बाई म्हणतील, “असं कसं, जमेल की.” मग आपण म्हणायचं, “बघा बुवा, तुम्ही म्हणताय तर.”

“ठीक आहे,” घड्याळबाई म्हणाल्या. “स्पष्ट बोलता तुम्ही, हे फार आवडलं. वेळ वाचतो.” त्यांनी उभं राहून हात पुढे केला. छोटीच्या आईने तो हातात घेतला, कारण दुसरं काय करणार, आणि पुढच्या मिनिटाला ती फुटपाथवर उभी होती.

संध्याकाळी छोटीचे बाबा बूट काढता काढताच म्हणाले, “काय झालं?”

“विचारलं त्यांनी. घ्याल का म्हणून.”

“अगं मग!”

“मी नको म्हटलं.”

एक बूट पायात, एक हातात, असे बाबा उभे राहिले. “का?”

“का म्हणजे? पहिल्यांदा नकोच म्हणतात ना!”

बाबांनी क्षणभर विचार केला. “मग? परत नाही विचारलं?”

“नाही ना!”

“एकदाही नाही?”

“नाही रे!”

“कमाल आहे,” बाबा म्हणाले, आणि त्यांना खरोखरच राग आला. “काय माणसं आहेत! एकदा विचारून सोडून द्यायचं? मग विचारता कशाला?”

तेवढ्यात फोनवर सासूबाई आल्या. त्यांना सगळा प्रकार सांगितला. पडद्यावर त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं. “बरोबर केलंस,” कपाळ म्हणालं. “लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. उद्या बोलावणं येईल बघ.”

बोलावणं आलं नाही. वरच्या काकूंनी ऐकलं आणि त्या सोफ्यावर आडव्या झाल्या. “अकरा वर्षांत,” त्या छताकडे बघत म्हणाल्या, “नोकरी सुटलेली पाहिली, काढून टाकलेलं पाहिलं. नोकरीला नको म्हटलेलं पहिल्यांदा पाहतेय. काय सांगितलं होतं मी?”

“काळे बूट, काकू.”

“तिसरी गोष्ट गं, बये!”

बुधवारी छोटीची आई परत हॉटेलवर गेली. नेमकं त्या दिवशी काकूंना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून छोटीही बरोबर. दोन रस्ते ओलांडेपर्यंत आईने आपलं वाक्य अकरा वेळा घोकलं. स्वाभिमान नावाची वस्तू तिच्याकडे बऱ्यापैकी होती. ती तिने हॉटेलच्या दाराशी पायपुसण्यावर ठेवली आणि आत गेली.

“काल मी नको म्हटलं,” ती घड्याळबाईंना म्हणाली, “ते खरं नको नव्हतं.”

“मग कसलं होतं?”

“पहिलं.”

घड्याळबाईंनी पेन खाली ठेवलं. छोटीच्या आईने सगळं शास्त्र समजावलं. तीन नको, आडवा हात, बोटांतली फट. घड्याळबाई एखाद्या लांबच्या बेटावरचा वृत्तांत ऐकावा तशा ऐकत होत्या. मध्येच त्यांनी टेबलावरची गोळ्यांची बरणी छोटीपुढे धरली. “घे.”

छोटीने दोन्ही हात पाठीमागे नेले, मान तिरकी केली आणि आईकडे बघत गोड आवाजात म्हणाली, “नको.”

“बरं,” म्हणून घड्याळबाईंनी बरणी जागेवर ठेवली.

छोटीचे डोळे बरणीबरोबर गेले आणि तिथेच राहिले. खालचा ओठ हळूहळू पुढे आला. घड्याळबाईंनी ओठ पाहिला, आईकडे पाहिलं. “हे असं?” त्यांनी विचारलं.

“हे असं,” आई म्हणाली.

“एक दिवस चाचणी,” घड्याळबाई म्हणाल्या. “उद्या. नीट झालं तर शुक्रवारी पत्र देते. पण एक लक्षात ठेवा. इथे पाहुण्याने एकदा नको म्हटलं की नको. एकदाच विचारायचं, आणि मागे सरायचं. जमेल?”

“हो!” छोटीची आई इतक्या जोरात म्हणाली की छोटी दचकली.

बाहेर फुटपाथवर आल्यावर छोटीने भोकाड पसरलं. “तिने परत विचारलंच नाही!”

“मला माहितीये गं,” आई म्हणाली. “मला माहितीये.”

त्या संध्याकाळी घरी तालीम झाली. बाबा पाहुणे, आई वाढणारी, छोटी प्रेक्षक, फ्रीज प्रेक्षक.

“आणखी चहा?” आईने विचारलं.

“नको, धन्यवाद,” बाबा म्हणाले.

आता ‘बरं’ म्हणून मागे सरायचं होतं. आईचं तोंड उघडलं. “ब…” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, “ब…” मग किटली टेबलावर आदळली. “अरे, सकाळपासून एकच कप झालाय तुझा! असं कसं बरं म्हणू?”

सातव्या खेपेला तिला ‘बरं’ जमलं. बाबा तहानलेले झोपले.

गुरुवारी सकाळी एप्रन बांधून ती नाश्त्याच्या दालनात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आतल्या बाजूला एक धिप्पाड स्वयंपाकी होता. तो फक्त “गरम आहे” एवढंच बोलायचा. टेबलावर टोस्ट, फळं, दूध, आणि एका मोठ्या टोपलीत नव्वद उकडलेली अंडी.

“आणखी काही?” तिने पहिल्या पाहुण्याला विचारलं.

“नको, धन्यवाद.”

“बरं.” ती मागे सरली. पुढच्या तासाभरात तिने अकरा नको पचवले. दर नकोगणिक तिला वाटत होतं, आपण कुणालातरी उपाशी उठवतोय. ती टेबलं पुसत होती, पुसलेली परत पुसत होती, चमचे सरळ करत होती. उभं राहवत नव्हतं आणि पुढे जायला परवानगी नव्हती.

कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. एक कोरा टोस्ट, एक काळी कॉफी. कोटाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. कोट केव्हातरी अंगासरसा असणार. आजोबांची नजर टोपलीवर गेली, परत आली, पुन्हा गेली. छोटीच्या आईने हे सगळं पाहिलं.

“आणखी काही?”

“नको,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी बशीवर हात आडवा धरला.

बोटांत फट होती.

आता या ठिकाणी घड्याळबाई असत्या, घटनेचं पुस्तक असतं, पोलीस असते, तरी काही उपयोग नव्हता. छोटीच्या आईला ती फट दिसली आणि तिच्या सात पिढ्या तिच्या मागे कंबर कसून उभ्या राहिल्या. “एकच,” ती म्हणाली. “बघा, गरम आहे.”

“नको, खरंच.”

“अर्धं तरी. कोऱ्या टोस्टवर कुणी उठतं का?” आणि अंडं बशीत गेलं.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, अंड्याकडे पाहिलं, आणि ते सोलायला घेतलं. मग दुसरं. तिसऱ्याला ते जे म्हणाले त्याचा अर्थ, कुठल्याही भाषेत, “अहो, काय हे” असाच होता.

इथे थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नेमकं सव्वाआठला सहलीचं मंडळ आत आलं. बत्तीस निवृत्त माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, पुढे हातात छोटं निशाण घेतलेला मार्गदर्शक. “वीस मिनिटं!” तो ओरडला. “साडेनऊची बोट आहे!”

बत्तीस माणसं! बावीसांची सवय असलेल्या बाईपुढे दहा जास्त! छोटीच्या आईच्या अंगात वारं शिरलं. “तुमच्या ताटात काहीच नाही!” “एवढंसं? हे काय पुरणार?” “माझ्यासाठी एक घ्या.” पिवळ्या टोपीतल्या एका बाईंनी आधी नको म्हटलं, मग हसल्या, मग घेतलं, आणि मग त्याच आपल्या नवऱ्याच्या मागे लागल्या, “अहो, घ्या ना, ही बिचारी एवढं म्हणतेय.” नवऱ्याने पलीकडच्या टेबलावर सरकवलं. दालनात जो तो दुसऱ्याला वाढायला लागला. टोस्टरने दोनदा धूर काढला आणि तिसऱ्यांदा तो कायमचा गप्प झाला. आतून स्वयंपाकी दारात येऊन उभा राहिला. “अंडी संपली,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात भक्ती होती.

मार्गदर्शक निशाण हलवत राहिला. कुणी उठेना. एका टोपीवाल्या गृहस्थांनी त्याच्याच तोंडात सफरचंदाची फोड कोंबली. बोट साडेनऊला सुटली. तेव्हा टोप्या हात धुवायच्या रांगेत होत्या.

“अकरा वर्षांत पहिल्यांदा!” मार्गदर्शक दर्शनी दालनात ओरडत होता. “अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी बोट चुकली!”

घड्याळबाई आल्या. त्यांनी टोपली पाहिली, टोस्टर पाहिला, मनगट पाहिलं. “उद्या दोनला ऑफिसात या,” त्या म्हणाल्या. एवढंच.

“किती अंडी?” घरी बाबांनी विचारलं.

“नव्वद.”

“सगळी?”

“सगळी,” ती म्हणाली. बाबांना तिच्या आवाजात कणभर अभिमान ऐकू आला, पण ते शहाणे होते, बोलले नाहीत. छोटी फ्रीजला सांगत होती, “उद्या मी शाळेत जाणारे. तू रडू नकोस.” ते ऐकून आईने संध्याकाळभर कपड्यांचं एकच कपाट तीनदा लावलं.

शुक्रवारी ठरलं असं, की काकूंनी छोटीला घेऊन थेट पाळणाघरापाशी थांबायचं. दोनला बोलावलेली छोटीची आई दोन चाळीसपर्यंत बाहेरच्या बाकावर होती. तीन घड्याळं दारातून ऐकू येत होती.

घड्याळबाईंनी तक्रारींचं पुस्तक उघडलं. “पहिली मार्गदर्शकाची. दीड पान आहे, वाचत नाही. दुसरी पिवळ्या टोप्यांची, बत्तीस सह्या. ‘बोट चुकली. टोस्टर बंद पडला. उद्याही याच बाई असाव्यात.’ ही तक्रार आहे की काय ते मला कळलेलं नाही. तिसरी खोली क्रमांक चौदा, कोपऱ्यातले गृहस्थ. ‘मी नको म्हणालो होतो. तीन अंडी खाल्ली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.’”

त्यांनी पुस्तक मिटलं. “तुमच्यात वाईट काही नाही. पण नाश्त्याच्या दालनात मी तुम्हाला ठेवू शकत नाही. पत्र देता येणार नाही.”

छोटीच्या आईने ओढणी सावरली. ती उठणार होती. हात खुर्चीच्या दांड्यावर गेलेही. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की हे तर पहिलंच ‘नाही’ आहे.

ती बसून राहिली. “बघा ना काहीतरी,” ती म्हणाली.

“नाही. नियम आहे.”

हे दुसरं ‘नाही’. “दुसरं कुठलंही काम चालेल. मागच्या बाजूचं. टोस्टर दुरुस्त होईपर्यंत मी हाताने भाजीन.”

“बाई, मी दोनदा नाही म्हटलंय!”

“हो,” छोटीची आई म्हणाली. ती जागची हलली नाही. “मी मोजतेय.”

घड्याळबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. “तुम्हाला ‘नाही’ ऐकूच येत नाही का? लोक एकदा नको म्हणाले की जग पुढे जातं! आमचा मागचा पोरगा बघा, त्या शहरदर्शनच्या टेबलावर सहा महिने होता. पाहुण्याला विचारायचा, गाव बघायला येणार का? पाहुणा म्हणायचा नको. हा म्हणायचा बरं. सहा महिन्यांत तीन माणसं…”

त्या थांबल्या. उघड्या दारातून दर्शनी दालनाचा कोपरा दिसत होता. पाटी, माहितीपत्रकं, खुर्चीतलं प्लॅस्टिकचं झाड. घड्याळबाई बराच वेळ झाडाकडे बघत राहिल्या. छोटीची आईही बघत राहिली.

“नऊ ते तीन,” घड्याळबाई सावकाश म्हणाल्या. “पाहुणे बोटीला निघून गेल्यावर. जे कुठेच जात नाहीत, खोलीत बसून राहतात, त्यांना बाहेर काढायचं. घ्याल?”

छोटीच्या आईच्या जिभेच्या टोकाशी शब्द आले. ‘अहो, मला कुठे…’ ते येताना तिला दिसले. तिने जीभ चावली. खरोखर चावली, दोन दिवस तिला तिखट खाता आलं नाही.

“हो,” ती म्हणाली.

“कॉफी?”

“हो. दोन चमचे साखर.”

कॉफी मात्र तशीच राहिली, कारण तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली हिशेबनिसांच्या खिशात होती आणि हिशेबनीस केस कापायला गेले होते. छोटीच्या आईनेच पळत जाऊन त्यांना गाठलं. अर्धे केस कापलेले, गळ्याभोवती कापड, अशा अवस्थेत त्यांनी किल्ली देण्याबद्दल आधी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांना म्हणायला वेळच मिळाला नाही.

चारला सात कमी असताना ती पाळणाघराच्या दारात पोहोचली. अंबाडा सुटलेला, एका हातात पत्र, दुसऱ्या हातात एक काळा बूट, कारण त्याची टाच कोपऱ्यावर राहिली होती. काकू छोटीचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी बूट पाहिला, पत्र पाहिलं आणि पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही.

पाळणाघराच्या ताईंनी पत्र वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला. आतून मुलांचा कल्ला येत होता. छोटी टाचा उंचावून दारातून आत बघत होती. तिच्या बरोबरीचं कुणीतरी तांबडा चेंडू घेऊन पळत गेलं, आणि छोटीची मान त्या चेंडूबरोबर वळली.

“सगळं बरोबर आहे,” ताई म्हणाल्या. मग त्या खाली वाकल्या आणि हात पुढे केला. “येतेस आत?”

छोटीने दोन्ही हात पाठीमागे नेले. मान तिरकी केली. आईकडे बघून, शाबासकीची वाट बघत, ती गोड आवाजात म्हणाली, “नको.”

“बरं,” ताई सरळ उभ्या राहिल्या. “आम्ही कुठल्या मुलावर जबरदस्ती करत नाही. तयार नसेल तर मग यादीतलं पुढचं…”

“थांबा!” छोटीची आई आणि वरच्या काकू एकदम ओरडल्या. आतला कल्लासुद्धा क्षणभर थांबला.

“पुन्हा विचारा,” आई म्हणाली. “हात जोडते. ते पहिलं होतं.”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या बुटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला तीन कमी. त्या पुन्हा वाकल्या. “येतेस?”

“नको,” छोटी म्हणाली. पण पाठीमागचा एक हात पुढे आला होता.

“अजून एकदा,” काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. “शेवटचं. याला येते ती.”

“येतेस ना?”

छोटीने ताईंच्या पुढे केलेल्या हातावर आपला हात ठेवला, बोटं फाकवून, आणि पुढच्या क्षणी तो सोडून ती तांबड्या चेंडूच्या मागे धावत सुटली. पाय दणदण वाजत होते. खालून कुणी काठीने ठोकलं नाही. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

छोटीची आई दारातच उभी राहिली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हाताला धरायला कुणी नव्हतं. हाताचं काय करावं ते तिला कळेना. तिने बूट या हातातून त्या हातात घेतला.

ताईंना दया आली असावी. “पहिला दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला थोडा वेळ आत बसायचंय का?”

“नको नको,” छोटीची आई म्हणाली, “कशाला उगाच.”

“बरं,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.